पोलांगूच्या एकोणीस गाठी

पोलांगूचं झाडांशी छान जमायचं, फक्त झाड आधी आडवं व्हायला लागायचं. आडव्या झाडाचा तो राजा होता. ओंडका पोखरून त्याने केलेले ढोल मानुस नावाच्या आमच्या बेटावर लांबलांब ऐकू जायचे. त्याच्या ढोलावर दांडकं पडलं की नदीपलीकडच्या तीन गावांना कळायचं, कोणाकडे पोर झालं आणि कोणाचं डुक्कर पळालं. उभ्या झाडाकडे मात्र तो मान वर करून बघायचासुद्धा नाही. जमिनीपासून चार हात वर गेला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि हा माणूस जन्मला कुठे, तर आमच्या लोकोरो गावात, जिथे पोरं आधी चढायला शिकतात आणि मग सवडीने चालायला.

बावन्न वर्षांचा होईपर्यंत त्याने ही गोष्ट लपवली. कधी अंगठा दुखायचा, कधी कंबर धरायची. एकदा तर त्याने आजोबांच्या भुताला मध्ये घातलं. आजोबा म्हणे स्वप्नात आले आणि म्हणाले, ढोल कोरून होईपर्यंत कोरणाऱ्याने झाडाच्या अंगावर पाय ठेवायचा नाही, झाड रुसतं आणि ढोल बद्द वाजतो. ही थाप इतकी झकास जमली की पलीकडच्या गावातल्या दोन ढोलवाल्यांनीही ढोल कोरायच्या दिवसांत झाडावर चढणं सोडून दिलं.

बायकोपासून काही लपत नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी हिवेईने त्याला नारळ काढायला सांगितले, तेव्हा तो माडाला मिठी मारून गुडघाभर वर गेला आणि तिथेच थांबला. हिवेईने कपाळावर हात मारला. त्यानंतर तीस वर्षं त्या घरचे नारळ तीच काढत आली, तेही पहाटे, गाव जागं व्हायच्या आत. खाली पोलांगू उभा राहून मोठमोठ्याने धापा टाकायचा, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं की तोच चढलाय. एवढं नाटक करण्यापेक्षा माणूस चढायला शिकला असता, पण भीतीला कोण समजावणार!

पोलांगूला धाक होता तो न्यालेनचा. न्यालेन ही त्याची आतेबहीण, त्याच्याहून वर्षाने मोठी आणि आवाजाने दहा वर्षांनी मोठी. आमच्याकडे आते-मामे भावंडांना एकमेकांची चारचौघांत थट्टा करायची मुभा असते. मुभा कसली, ते कर्तव्यच असतं. सख्ख्या भावाला जे बोललं तर डोकी फुटतील, ते मामेभावाला खुशाल बोलावं, आणि त्याने चिडायचं नाही. चिडला तो हरला. न्यालेनने हे कर्तव्य जन्मभर एक दिवसही सुट्टी न घेता पार पाडलं होतं.

"काय रे मामाच्या पोरा," ती चर्चबाहेर सगळ्यांच्या देखत विचारायची, "आत तू गात होतास, की कुंपणात डुक्कर अडकलं होतं?"

"डुक्करच होतं," पोलांगू म्हणायचा. "तुझ्या चुलीपासून जीव वाचवून पळालेलं."

तिने त्याचं नाक काढलं, ढेरी काढली, घोरणं काढलं. त्याच्या दोन पायांतला एक पाय दुसऱ्यापेक्षा आळशी आहे, असंही तिचं म्हणणं होतं. पोलांगू जमेल तशी परतफेड करायचा आणि मनातल्या मनात देवाची प्रार्थना करायचा, की हिला माझ्या भित्रेपणाचा पत्ता लागू देऊ नकोस. लागला असता तर न्यालेनने तो विषय मरेपर्यंत पुरवून खाल्ला असता.

अशा भावंडांनी आपली मुलं एकमेकांना द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे. पोलांगूची एकुलती एक मुलगी कोमुल आणि न्यालेनचा मुलगा सापोन यांचं लग्न ठरलं, त्या दिवशी न्यालेन भर अंगणात म्हणाली, "पोरगी आईवर गेलीये म्हणून करून घेतेय हो. बापावर गेली असती तर लोकांनी ढोल समजून वाजवली असती!" सगळे हसले. पोलांगूही हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. कारण लग्नाच्या आधी मुलीच्या बापाला कापुल धरावा लागतो.

कापुल म्हणजे आमच्या रानातला झाडावरचा रहिवासी. आकाराने मांजराएवढा, डोळे बटबटीत, शेपटी फांदीला विळखा घालणारी. रात्रभर पानं ओरबाडून खातो आणि दिवसभर दोन फांद्यांच्या बेचक्यात केसाळ गोळा होऊन झोपतो. मुलीच्या बापाने बाण न मारता, जाळं न लावता, स्वतःच्या हातांनी तो झाडावरून जिवंत घ्यायचा आणि सगळ्यांच्या समोर मुलाच्या आईच्या हातात द्यायचा. हे झालं तर मुलीला सासरी स्वतःची चूल मिळते. नाही झालं तर पहिलं मूल होईपर्यंत तिने सासूच्या चुलीवर, सासूच्या हाताखाली राबायचं.

कोमुलने चुलीचे तीन दगड नदीतून निवडून आणून ठेवले होते. रोज संध्याकाळी ती ते धुवायची.

"बाबा," ती म्हणाली, "मला आत्या आवडते. पण एका चुलीवर आम्ही दोघी राहिलो तर आठ दिवसांत एक तरी कालवणात पडेल. तुम्ही कापुल आणाल ना?"

"आणणार म्हणजे आणणार!" पोलांगू म्हणाला. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. रात्री त्याला दरदरून घाम फुटला.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना दुपारी तो एका झाडाखाली आडवा पडला होता. कपाळावर थेंब पडला. मग आणखी चार. आभाळ तर स्वच्छ होतं. पोलांगूने थेंबाचा वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मान वर केली. पानांच्या आड कापुल झोपला होता, आणि झोपेतच त्याने पोलांगूवर आपला कार्यभाग उरकला होता.

पोलांगू धावत गेला आणि नारळाची झावळी आणून त्याने बुंध्याला गाठ बांधली. झोपलेला कापुल ज्याला आधी दिसेल त्याने अशी गाठ बांधायची, की कापुल त्याचा. मग झाड कोणाचंही असो, गाठ असेपर्यंत त्या झाडाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि गाठ बांधणाऱ्यानेच ती सोडायची. साधारणपणे माणूस गाठ बांधतो, एक विडी ओढतो, वर चढतो, कापुलाची मानगूट धरतो आणि खाली येतो. गाठीचं आयुष्य अर्धा तास. ज्या पूर्वजाने हा नियम केला त्याला पोलांगूची कल्पना नव्हती.

पोलांगूने विडी ओढली. मग दुसरी ओढली. मग त्याला एक विचार सुचला आणि तो त्याला फारच आवडला. आपण का चढायचं? कापुल रोज रात्री फिरतो, रोज नव्या झाडावर झोपतो. कधी ना कधी तो एखाद्या ठेंगण्या झुडपात येऊन झोपेल. तोपर्यंत रोज सकाळी त्याला शोधायचं आणि नवी गाठ बांधायची, म्हणजे दुसरा कोणी पळवणार नाही. जुनी गाठ सोडायची का? छे! कापुल परत त्याच झाडावर आला तर?

आणि असा गावाचा सत्यानाश सुरू झाला.

कापुलाला ठेंगण्या झुडपांचं वावडं होतं. पहिले चार दिवस तो रानाच्या कडेला राहिला. पाचव्या दिवशी तो गावात आला, कारण पोलांगू रोज संध्याकाळी झाडाखाली पपईच्या फोडी ठेवायला लागला होता आणि कापुलाला त्यांची चटक लागली होती. फोडी खायला तो खाली उतरायचा, पण काळोखात, आणि पोलांगूची चाहूल लागली की सरसर वर. सहाव्या दिवशी गाठ बसली नीरफणसाला, म्हणजे तीन घरांचं जेवण बंद. आठव्या दिवशी नदीकाठच्या झाडाला, ज्याच्या बुंध्याला गावच्या सगळ्या होड्या बांधलेल्या असतात. झाडाला हात लावायचा नाही म्हटल्यावर होड्या सोडणार कोण? किनाऱ्यावर साबुदाणा देऊन मासे आणायला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन घाटावर उभ्या राहिल्या आणि पोलांगूच्या सात पिढ्यांचा उद्धार करून परत आल्या. अकराव्या दिवशी कापुल झोपला आंब्यावर, आणि चर्चची घंटा त्याच आंब्याला टांगलेली. रविवारी पाद्रीबाबांना घरोघर फिरून "ठण, ठण" असं तोंडाने ओरडावं लागलं.

न्यालेनला तर सणच होता.

"मामाच्या पोरा, आज काय बांधलंस? माझी म्हातारी कोंबडी उभीये बघ अंगणात, तिलाही बांध. परवा तिच्यावर तुझ्या कापुलाच्या झाडाचं पान पडलं होतं."

"कोंबडी कशाला? तुझ्या जिभेला बांधतो. गाव दुवा देईल."

"बांध की! पण आधी ढेरी आत घे, म्हणजे हात पुढे पोचतील."

लोक हसायचे, पण दिवसेंदिवस ते हसणं कमी होत गेलं. लापान, म्हणजे गावचा मुखिया किसौ, सगळ्यांत शांत माणूस होता. पण पंधराव्या दिवशी कापुल त्याच्या परसातल्या झाडावर झोपला, आणि शेजारच्या तीनही पोफळी वेलीने त्या झाडाला जोडलेल्या आहेत असं कारण काढून पोलांगूने खबरदारी म्हणून त्यांनाही गाठी मारल्या. एका दिवसात चार गाठी! लापान पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत सुपारी चघळायचा. एक दिवस आणि एक रात्र तोंडात सुपारी नाही म्हटल्यावर शांत माणसाचं काय होतं, ते गावाने पाहिलं. सोळाव्या दिवशी सकाळी त्याने गाव गोळा केलं.

"एकोणीस गाठी!" तो ओरडला. एरवी लाल असणारे त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. "अरे, माझ्या बापाने जन्मात चार गाठी बांधल्या! पोलांगू, तुझा कापुल आहे तरी कुठे?"

पोलांगूने वर बोट दाखवलं. कापुल ढोलघरासमोरच्या मोठ्या नीरफणसावर झोपला होता, गावाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोक्यावर.

"मग आत्ता चढ. नाहीतर आत्ता एकूणएक गाठ सोड, आणि त्या कापुलावरचा हक्कही सोड. लग्नाला पाच दिवस राहिलेत, दुसरा मिळतोय का बघ."

पोलांगूने कोमुलकडे पाहिलं. तिने नजर वर कापुलाकडे नाही, बापाकडे लावली होती, आणि त्या नजरेत इतका विश्वास होता की पोलांगूला रडू यायला लागलं. हिवेईने पुढे होऊन त्याच्या गळ्यात पिकलेल्या पपईची पिशवी अडकवली. "तीन हातांवर जाऊन थांबा," ती कानात म्हणाली. "वास आला तर तोच येईल खाली. देव आहे."

पोलांगू चढला. डोळे मिटून चढला. तीन हातांवर थांबायचं होतं, पण मिटलेल्या डोळ्यांना हात मोजता येत नाहीत, आणि लाजेने माणूस भीतीपेक्षा जास्त चढतो. दोन पुरुष उंचीवर गेल्यावर त्याने एक डोळा किलकिला केला. खाली माणसांची डोकी ओल्या नारळांएवढी दिसली. त्याने डोळा मिटला, हातापायांनी बुंध्याला कवटाळलं आणि तो तिथेच थिजला. ना वर, ना खाली.

गाव वाट बघत राहिलं. एक पोरगं म्हणालं, "काका झोपले का?" कोणीतरी खुसखुसलं. दुसऱ्या कोणीतरी हळूच म्हटलं, "अरे, हा घाबरलाय की काय?" आणि तो शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला लागला. पोलांगूला सगळं ऐकू येत होतं. बावन्न वर्षांची अब्रू आता त्या बुंध्यावरून घसरत खाली चालली होती, मुलीच्या देखत, आणि तिच्या चुलीसकट.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत न्यालेन आली. कमरेवर हात ठेवून तिने वर पाहिलं. सगळ्यांनी कान टवकारले, कारण आता काय ऐकायला मिळणार याची सगळ्यांनाच हौस होती. पोलांगूने ओठ घट्ट मिटून घेतले.

"थांब! थांब तिथेच, लबाडा!" न्यालेन कडाडली. "खबरदार एक बोटभर हललास तर! त्या पिशवीत काय लपवलंयस? मेलेला उंदीर असणार! पानांआड जाऊन कापुल सोडून देशील आणि खाली आल्यावर माझ्या हातात उंदीर ठेवशील. मी ओळखते तुला! मी मुलाची आई आहे, मला कसली गाठ अडवतेय! माझा कापुल मी झाडावरच मोजून घेणार. तोपर्यंत हललास तर लग्न मोडलं समज!"

गाव खो खो हसलं. म्हणजे तो घाबरला नव्हता तर, या बाईने त्याला अडवून धरलं होतं! पोलांगू हलला नाही. इतकं मनापासून त्याने आजवर कोणाचंच ऐकलं नव्हतं.

न्यालेनने कमरेचा कपडा खोचला आणि त्रेपन्नाव्या वर्षी ती झाडावर चढायला लागली, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. तिच्या आरडाओरड्याने कापुल जागा झाला. त्याने बटबटीत डोळ्यांनी खाली पाहिलं, नाक हलवलं आणि पपईच्या वासावर सावकाश उतरायला सुरुवात केली. वाटेत पोलांगू होता. कापुलाच्या दृष्टीने तो झाडाचाच भाग होता, थोडा मऊ आणि थरथरता एवढंच. कापुल त्याच्या डोक्यावर बसला, शेपटीचा विळखा कानाभोवती घातला आणि पिशवीकडे हात लांबवला. केसांत नखं रुतली तरी पोलांगूने डोळे उघडले नाहीत.

न्यालेन त्याच्या खांद्यापर्यंत पोचली. एका हाताने फांदी धरून तिने दुसऱ्या हाताने कापुल त्याच्या डोक्यावरून उचलला. "बघा रे सगळे!" ती ओरडली. "मुलीच्या बापाकडून मुलाच्या आईच्या हातात! पोचला!"

"पण हातांनी द्यायचा असतो," एक म्हातारा कुरकुरला. "हा तर डोक्याने दिला."

"डोक्याने देऊ नये असं पूर्वजांनी कुठे सांगितलंय?" लापान किसौ गरजला. त्याला सुपारी दिसत होती. "दिला म्हणजे दिला! पोलांगू, उतर आणि गाठी सोड, माझ्या पोफळीपासून सुरुवात कर!"

कापुल न्यालेनच्या पाठीला चिकटला तेव्हा त्याच्या पोटाच्या पिशवीतून एक बोटभर चेहरा बाहेर डोकावला. म्हणजे ही आई होती. पिशवीत पोर असलेली आई आम्ही शिजवत नाही, तेव्हा ती पुढे रानात सोडायची हे झाडावरच ठरलं. कोमुल खाली टाळ्या पिटत होती आणि सापोन तिच्याहून जास्त.

आता उतरायचं होतं. पोलांगूचे हात सुटत नव्हते. मग त्याच्या कानाशी अगदी हलका आवाज आला. न्यालेनला इतकं हळू बोलता येतं हे कोणाला खरं वाटलं नसतं.

"डोळे उघडू नकोस. डावा पाय खाली सोड. तिथे माझा खांदा आहे. मागच्या वेळी होता तसाच."

पोलांगूने पाय सोडला. तिथे खांदा होता.

मागच्या वेळी तो सात वर्षांचा होता. रानात, बदामाच्या झाडावर, दोघंच. तो असाच बुंध्याला चिकटून रडत होता आणि आठ वर्षांच्या न्यालेनने त्याला खांद्यावर पाय द्यायला लावून एकेक वीत खाली आणलं होतं. पुढे ती त्याबद्दल कधीच बोलली नाही, म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली होती की ती ते विसरली.

संध्याकाळपर्यंत तो गाठी सोडत फिरला. होड्या सुटल्या, घंटा वाजली, लापानाचे ओठ पुन्हा लाल झाले. न्यालेन त्याच्याबरोबर चालत होती आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, की मामाच्या पोराचं डोकं आज पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलं. शेवटची गाठ रानाच्या कडेला होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"तुला माहीत होतं," पोलांगू म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं. नाक काढलंस, ढेरी काढलीस, माझं गाणं काढलंस. हे एवढं हातात असून एकदाही काढलं नाहीस. का गं?"

"नाकावर तू हसायचास की माझ्याबरोबर," न्यालेन म्हणाली. "ढेरीवर तर माझ्याआधी हसायचास. यावर तुला हसू आलं नसतं. मग ती थट्टा कसली रे?"

पोलांगूने झावळीची गाठ सोडली आणि तो पाठ करून उभा राहिला.

"रडतोयस का? हे बघ, रडलास तर उद्या सगळ्या गावाला सांगेन हं!"

पोलांगू रडलाच. आणि दुसऱ्या दिवशी न्यालेनने खरंच सगळ्या गावाला सांगितलं, नाक ओढून, खांदे उडवून, अगदी हुबेहूब नक्कल करून, आणि सगळ्यांत मोठ्याने पोलांगूच हसला.